दोन खिंडी, चार ब्रेक पॅड

मला चढाची भीती वाटत नाही. चढावर माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो, सायकल ढकलतो, अगदीच झालं तर दगडावर बसून राहतो. उतारावर यातलं काही चालत नाही. आठवीत असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि मी हँडलवरून पलीकडे गेले. खूण अजून हनुवटीवर आहे. आपल्याकडच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तेव्हापासून माझा उजवा हात हँडल धरण्यापुरता आणि घंटी वाजवण्यापुरता. थांबायचं काम डाव्या हाताचं.

हे भाच्याला माहीत असतं तर त्याने मला हिमाचलला नेलंच नसतं. तो चोवीस वर्षांचा, मी सत्तेचाळीस. बेत त्याचा होता: शिमल्याहून निघायचं, जलोडी खिंड ओलांडून तीर्थनच्या खोऱ्यात उतरायचं, तिथून बियासच्या काठाने वर जाऊन रोहतांग खिंडीवरून लाहौलमध्ये. दोघांच्या माउंटन बाइक, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, सामान सीटमागच्या आणि हँडलवरच्या पिशव्यांत. महिना ऑक्टोबर, दसरा नुकताच झालेला.

पहिला दिवस: शिमला ते नारकंडा

साधारण ६५ किलोमीटर, आणि त्यातले पहिले पंधरा विसरण्यासारखे. ढल्लीचा बोगदा, मग कुफ्रीपर्यंत गाड्यांची रांग, घोडेवाले, याकवर बसवून फोटो काढणारे. चढावर धाप लागते आणि नेमका तेव्हाच शेजारून ट्रक जातो. अर्धा हिमालय मी डिझेलच्या वासात हुंगला.

हा जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता. डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये, त्याचं काम सुरू झालं. ठियोगच्या पुढे गर्दी विरळ झाली आणि रस्ता डोंगराच्या धारेला धरून चालू लागला. सफरचंदाच्या बागा रिकाम्या झाल्या होत्या, गारांपासून वाचवायला लावलेल्या जाळ्या गुंडाळून झाडांच्या शेंड्यांवर बांधून ठेवलेल्या. नारकंडा २७०० मीटरवर. पोचलो तेव्हा ढग रस्त्यावर उतरले होते आणि बोटं इतकी गारठली होती की हेल्मेटचं बक्कल भाच्याने सोडवलं.

दुसरा दिवस: हाटू

सामान खोलीवर ठेवून नुसत्या सायकली घेऊन हाटू शिखरावर गेलो. अंतर सात-आठ किलोमीटर, पण तेवढ्यात सातशे मीटरची चढाई. रस्ता एका गाडीपुरता. समोरून गाडी आली की आपण झाडीत.

इथे भाच्याने मला झाडं ओळखायला शिकवलं. तो वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही, पण आधी दोनदा हिमाचलात येऊन गेलाय आणि इथल्या पोरांकडून नावं उचललीत. खाली देवदार आणि कैल. देवदाराच्या फांद्या आडव्या, थर लावल्यासारख्या. कैलच्या सुया लांब, पाच-पाचच्या झुबक्यात. जरा वर गेलं की रई आणि तोस, उंच, काळपट, सुळक्यासारखे. त्यांच्यामधून खरसू, म्हणजे डोंगरी ओक. त्याच्या पानाला काटे असतात आणि वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडतात. "मावशी, मोबाइल बघू नकोस उंची किती झाली म्हणून. खरसू दिसला की समज अडीच हजाराच्या पुढे आलो." पुढे आठ दिवस मी हेच करत राहिले.

शिखर ३४०० मीटरच्या आसपास. वर हाटूमातेचं कोरीव लाकडी देऊळ आहे. उत्तरेला बर्फाची रांग, त्यात श्रीखंड महादेव. अर्धा तास बसलो असू. थंडीने जास्त बसवेना.

उतरताना सायकल किंचाळायला लागली. मागच्या चाकातून इतका कर्कश आवाज की वळणापलीकडच्या गुराख्याने गुरं बाजूला घेतली. भाचा खाली थांबला होता. काही बोलला नाही, फक्त मागच्या डिस्ककडे वाकून बघितलं. मी म्हटलं, "धूळ बसली असेल."

संध्याकाळी चहाच्या दुकानात सफरचंदांचा विषय निघाला. इथून सोळा-सतरा किलोमीटरवर थानाधार. सॅम्युअल स्टोक्स हा फिलाडेल्फियाचा मुलगा १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करायला हिंदुस्थानात आला, कोटगढ भागात स्थायिक झाला, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून रेड डिलिशियसची रोपं आणून लावली. पुढे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, हिंदू होऊन सत्यानंद झाला. आज ज्या बागांमधून आम्ही आलो, त्या सगळ्याची सुरुवात तिथली. जायची फार इच्छा होती, पण वाट दुसरीकडची आणि दिवस मोजके.

तिसरा दिवस: नारकंडा ते आनी

हा दिवस सविस्तर सांगते, कारण सगळ्या प्रवासाची गोम इथेच आहे.

नारकंड्याहून किंगल, किंगलहून सैंज, सैंजहून सतलजच्या पुलापलीकडे लुहरी. (हिमाचलात सैंज नावाची गावं किती आहेत देव जाणे. कुल्लूतही एक सैंज आहे, पुढे भेटलं.) चाळीसेक किलोमीटर, आणि पॅडल मारायचं काम जवळजवळ नाहीच. २७०० मीटरवरून थेट ९०० च्या खाली. नवख्याला वाटतं, मजाच मजा.

पहिले दहा किलोमीटर मजाच होती. देवदार मागे पडले, हवा ऊबदार झाली, आधी बानचे ओक आले, मग चीडचे पाइन. चीडच्या सुया रस्त्यावर पसरल्या होत्या आणि ऊन तापल्यावर राळेचा वास सुटला होता. अंगातलं एकेक जाकीट काढत उतरत होतो. माझा डावा हात मात्र ब्रेकवरून उठत नव्हता. वळण आलं की दाबायचा, वळण संपलं की थोडा सैल, पण पूर्ण सोडायचा नाही. किंगलच्या पुढे अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायला लागली. मग वास आला. मला वाटलं कोणी कचरा जाळतंय.

पुढच्या वळणाआधी लिव्हर दाबली आणि सायकल थांबली नाही. म्हणजे वेग कमी झाला, पण ज्या मानाने व्हायला हवा त्या मानाने नाही. लिव्हर हाताला लागत होती, चाकाला मात्र काही कळत नव्हतं. समोर बस. मी सायकल डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली आणि खडीत आडवी झाले. गुडघा खरचटला, हँडलवरची पिशवी फाटली, एवढ्यावर निभावलं. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "दीदी, ठीक हो?" आणि मी हो म्हणेपर्यंत बस हलवली नाही.

भाचा पायी वर चढून आला. त्याने मागचं चाक फिरवलं. रोटरची, म्हणजे ब्रेकच्या डिस्कची, चकाकती पाती निळी-जांभळी पडली होती, तापलेल्या तव्याच्या कडेसारखी. मी बोट लावायला गेले तर त्याने हात धरला. "भाजशील. आणि बोटाचं तेल लागलं की पॅड बाद."

मग लुहरीपर्यंत मी सायकल हातात धरून, जिथे उतार कमी तिथे बसून, असं करत उतरले. ऊन चढलं होतं. नारकंड्याला दोन टोप्या घातलेली मी इथे घामाने निथळत होते. खाली सतलज राखाडी, दाट, सिमेंट कालवल्यासारखी. खोऱ्यात २१० मेगावॉटच्या लुहरी जलविद्युत प्रकल्पाचं काम चाललेलं, डंपर आणि धूळ.

पुलाजवळच्या एका ढाब्याच्या पडवीत त्याने सायकल उलटी केली. चाक काढलं, कॅलिपरमधली, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यातली, बारीक खिळी उपसली, पॅडची जोडी बाहेर आली. नखाएवढ्या दोन पट्ट्या. आमच्याकडच्या नव्या पॅडवर दोन मिलीमीटरहून जास्त मसाला होता. या पट्ट्यांवर अर्धाही नव्हता आणि उरलेला काचेसारखा गुळगुळीत, काळा. त्याने त्यावर नखाने खरवडलं, नख घसरलं. हे रेझिनचे पॅड होते. आवाज कमी करतात, पण सतत घासले की तापतात, वर चकाकी धरतात आणि मग कितीही दाबा, पकडत नाहीत. बरोबर आणलेली जोडी मेटलची होती. नवी जोडी जाड म्हणून कॅलिपरचे पिस्टन मागे सारायला हवेत. त्यासाठी त्याने ढाब्यावरून चमचा मागून घेतला आणि त्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून हळूहळू रेटला. ढाबेवाला हे सगळं राजमा ढवळता ढवळता बघत होता.

मग त्याने पुढचं चाक काढलं. पुढचे पॅड बाहेर काढून उजेडात धरले. कोरे. कारखान्यातली धूळही पुसली गेली नसावी.

"मावशी," तो म्हणाला, "तू पुढचा ब्रेक कधीच मारत नाहीस?"

मी हनुवटी दाखवली.

त्याने समजावून सांगितलं ते मी इथे थोडक्यात लिहिते. ब्रेक मारला की वजन पुढे येतं. पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणजे थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात. मागचा एकटा दाबत राहिलं की चाक घसरतं आणि सगळी उष्णता एकाच रोटरवर पडते. आठवीत मी पडले ती पुढच्या ब्रेकमुळे नाही. मूठ आवळून दाबला आणि अंग पुढे झुकलेलं होतं, म्हणून. दाबायचा एका बोटाने. अंग मागे, पॅडल समतल, टाचा खाली. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि घासत ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, रोटरला वारा लागू द्यायचा.

ढाब्यामागे डंपर वळवायची मोकळी जागा होती. तिथे त्याने दगड ठेवला आणि माझ्याकडून पंचवीस वेळा थांबायचा सराव करून घेतला, फक्त उजव्या तर्जनीने. डंपरचे ड्रायव्हर चहा घेऊन बघायला उभे. अठराव्या वेळी मागचं चाक उचललं आणि मी किंचाळले. एकाने टाळी वाजवली.

लुहरीहून आनीचा चढ दुपारच्या उन्हात. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, घाम सोडून. आनीचा बाजार ओळखीचा वाटला, मग आठवलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथल्या बसस्थानकाजवळच्या इमारती पत्त्यांसारख्या कोसळताना सगळ्यांनी मोबाइलवर पाहिल्या होत्या. आधीच रिकाम्या केल्या होत्या म्हणून माणसं वाचली. त्या उतारावर अजूनही कोणी मोठ्याने बोलत नाही असं मला वाटलं. कदाचित दमल्यामुळे वाटलं असेल.

चौथा दिवस: आनी ते खनाग

दिवसभर चढ, अंतर थोडं. छपरांवर मक्याची कणसं वाळत घातलेली, पिवळ्या-केशरी चौकोनांसारखी. चीड संपले, बान आला, बान संपून देवदार. काल उतरताना जी झाडं उलट्या क्रमाने पाहिली ती आज सुलट. फरक इतकाच की काल दीड तासात पाहिली आणि आज सात तासांत.

खनागला मुक्काम. रात्री पाऊस. वर बर्फ पडलं असेल का, हे विचारायला आम्ही तीनदा बाहेर आलो आणि तीनदा घरमालकाने सांगितलं, "सुबह देखेंगे."

पाचवा दिवस: जलोडी

बर्फ नव्हतं. खिंडीची उंची ३१२० मीटर आणि खनागहून वर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, पण ते पाच-सहा किलोमीटर असे आहेत की जीपसुद्धा पहिल्या गिअरमध्ये कण्हते. रस्ता अरुंद, मधूनमधून डांबर उखडलेलं, रात्रीच्या पावसाने चिखल.

माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर लावूनही वेग ताशी चार किलोमीटर. ढकलत चाललं तरी चारच. मग ढकललंच. मी पन्नास पावलं मोजायची आणि थांबायची. तोस आणि खरसूच्या जंगलात प्रकाश वरून गाळून आल्यासारखा. फांद्यांवर शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या. भाचा पुढे गेला नाही. माझ्या मागे, पॅडल मारत, तोल सांभाळत, जवळजवळ उभा राहिल्यासारखा येत होता. त्याला तेच जास्त कठीण गेलं असणार.

तिसऱ्या किलोमीटरला ढोल ऐकू आला. आधी वाटलं कुठे लग्न आहे. मग करनालचा, म्हणजे इथल्या लांब तुतारीचा, रेड्यासारखा हंबरडा. आम्ही सायकली कड्याला टेकवून उभे राहिलो आणि वळणावरून देवता आली.

कुल्लूचा दसरा आपला संपतो तेव्हा सुरू होतो. विजयादशमीला रघुनाथजींचा रथ निघतो आणि पुढे सात दिवस ढालपूरच्या मैदानावर खोऱ्याखोऱ्यांतल्या देवता येऊन राहतात. ही प्रथा १७ व्या शतकातली, राजा जगतसिंगाच्या वेळची. बाह्य सराजच्या, म्हणजे आनी-निरमंडच्या देवताही जातात, खांद्यावरून, पायी, हीच खिंड ओलांडून. आणि तशाच परत येतात. ही परतणारी होती.

पुढे निशाण, मग बजंतरी, मग दोन लांब दांड्यांवर रथ. चांदीचे मोहरे, म्हणजे देवाचे मुखवटे, लाल-पिवळी रेशमी वस्त्रं, झेंडूच्या सुकलेल्या माळा, आणि चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली माणसं. पालखी मी पाहिली आहे, वारीतही चालले आहे. पण आमची पालखी सपाटीवरून जाते. ही माणसं ज्या उतारावर मी रिकाम्या हाताने घसरले असते तिथून देव घेऊन उतरत होती. बारीक पावलं, गुडघे वाकवलेले, अंग मागे कललेलं. दांड्या लवचिक, प्रत्येक पावलागणिक रथ डुलत होता.

वळणावर ते थांबले, विसाव्यासाठी. आम्ही पाया पडलो. कारदाराने, म्हणजे देवतेच्या कारभाऱ्याने, कपाळाला टिळा लावला आणि मूठभर अक्रोड हातावर ठेवले. एका म्हाताऱ्या माणसाला मी विचारलं, एवढ्या उतारावर तोल कसा राहतो. त्याला प्रश्न नीट समजला नसावा, किंवा फारच सोपा वाटला असावा. म्हणाला, उतारावर सगळं वजन पुढच्यांवर येतं, म्हणून पुढे आम्ही जाणती माणसं देतो. पोरं मागे.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

अकराच्या सुमाराला खिंडीत पोचलो. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ, चार-पाच ढाबे, वाऱ्याने फडफडणारे झेंडे. सिड्डू खाल्ला, वाफेवर शिजलेला, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. त्यानंतर सायकली ढाब्यावर ठेवून सरोलसर तलावापर्यंत चालत गेलो, पाच किलोमीटर, संपूर्ण वाट खरसूच्या जंगलातून. तलाव लहान, काळा, काठावर बुढी नागिणीचं देऊळ. पाण्यात पान पडलं की एक चिमणीएवढा पक्षी उचलून नेतो, असं इथे सांगतात. पक्षी दिसला नाही. पण एवढ्या झाडांच्या मधोमध असून पाण्यावर पानं फारच थोडी होती, हेही खरं.

परतून साडेतीनला उतरायला लागलो. शोजापर्यंतचे पाच किलोमीटर खनागच्या बाजूइतकेच उभे, वर ओली पानं. पहिलं वळण येण्याआधी उजवी तर्जनी लिव्हरवर ठेवली आणि दाबली. काही झालं नाही. सायकल थांबली, इतकंच. दुसऱ्या वळणाला दाबली, सोडली. चिखलात मात्र पुढच्याला हात लावायचा नाही, हे भाच्याने दहादा बजावलं होतं. तिथे फक्त मागचा, आणि सावकाश. शोज्याला भाचा वाट पाहत होता. घड्याळ दाखवत म्हणाला, "एकोणीस मिनिटं." मी विचारलं, चांगलं की वाईट. "मला अकरा लागली," तो म्हणाला. म्हणजे वाईट, पण त्याने तसं म्हटलं नाही.

मुक्काम जिभी.

सहावा दिवस: तीर्थन

विश्रांती, म्हणजे फक्त तीसेक किलोमीटर. बंजारहून चेहणी कोठी बघायला चढलो. दगड आणि लाकडाचे थर एकाआड एक रचून उभा केलेला मनोरा, काठकुणी पद्धतीचा, चुना-सिमेंट काही नाही. १९०५ च्या कांगडा भूकंपात वरचे मजले पडले, बाकीचा उभाच. आनीतल्या काँक्रीटची आठवण येणं साहजिक होतं.

दुपारी गुशैणीपर्यंत, नदीकाठाने. तीर्थन स्वच्छ, हिरवट, प्रत्येक दगड दिसेल अशी. सतलजनंतर डोळे निवले. इथून पुढे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क. १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१४ मध्ये जागतिक वारसा. आतमध्ये सायकलचा प्रश्नच नाही, पायवाटाच आहेत. जुजुराणा याच जंगलात राहतो. पक्ष्यांचा राजा म्हणतात त्याला, हिमाचलचा राज्यपक्षी. गुशैणीच्या पुलावर बसून मी नदीत पाय सोडले आणि अर्ध्या मिनिटात वर घेतले.

सातवा दिवस: बंजार ते नग्गर

लांबचा दिवस, पण बहुतेक खोऱ्यातून. लारजीला तीर्थन आणि सैंज (तेच, दुसरं सैंज) बियासला मिळतात, सगळं एक होतं. त्यानंतर औटचा बोगदा, जवळजवळ तीन किलोमीटर. सायकलवरून केलेल्या सगळ्या वाईट गोष्टींत याचा नंबर पहिला. आत अंधार, धूर, आणि मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज असा की तो पन्नास फुटांवर आहे की पाचशे, कळत नाही. तीन दिवे लावले होते, चौथा हवा होता. बाहेर आल्यावर आम्ही दोघंही काळे झालो होतो आणि भाचा पहिल्यांदाच गप्प होता.

भुंतरपासून डाव्या काठाचा रस्ता घेतला. गर्दी पलीकडच्या काठावर राहिली.

आठवा दिवस: नग्गर ते कोठी

सकाळी रशियन चित्रकार निकोलाय रोरिकांच्या घरात त्यांची चित्रं पाहिली. डोंगर खरंच त्या रंगाचे असतात, निळे आणि जांभळे, हे पहाटे सायकलवर असल्याशिवाय कळत नाही. मनालीत फक्त किराणा घेतला आणि कोठीला चढलो. कोठी लहानसं गाव, खाली अरुंद घळीत बियास गर्जत असते, समोर तोसचं शेवटचं दाट जंगल.

रात्री भाच्याने दोन्ही ब्रेक तपासले, चेनला तेल दिलं, टायरमधली हवा थोडी कमी केली. वरच्या रस्त्यावर खडी होती.

नववा दिवस: रोहतांग

पहाटे साडेचारला निघालो. कोठीहून माथा ३९ किलोमीटर, उंची ३९७८ मीटर. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणजे दर दहा श्वासांत चार श्वास आपल्याला कोणी दिलेच नाहीत असं समजायचं.

गुलाबा इथल्या नाक्यावर शिपायाने बॅटरीचा झोत सायकलींवर फिरवला. रोहतांगला पर्यटकांच्या गाड्यांना रोज मर्यादा आहे, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पेट्रोल या डीज़ल?" भाचा म्हणाला, "पराठा." दांडा वर गेला.

मढीपर्यंत झाडं सोबत होती, पण एकेक करून मागे राहत गेली. तोस खुजे झाले, मग खरसूची झुडपं, मग भोजपत्राची पांढरी, पानगळ झालेली खोडं, वाऱ्याने एका बाजूला वाकलेली. मढीच्या वर काहीच नाही. गवत, तेही वाळलेलं. आठ दिवस झाडांवरून उंची ओळखत होते. आता मोजायला काही उरलं नाही, तेव्हा पावलं मोजायला लागले. राणी नाल्याच्या सावलीत रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ होता. तिथे उतरून, सायकलचा आधार घेत चाललो.

माथ्यावर पोचायला एक वाजला. रोहतांगचा अर्थ प्रेतांचा ढीग असा सांगतात. वारा बघता पटतं. इथून दक्षिणेकडचं पाणी बियासला जातं आणि उत्तरेकडचं चंद्रेला, म्हणजे पुढे चिनाबला. दक्षिणेला ढग आणि त्याखाली हिरवा अंधार, उत्तरेला कोरडे तपकिरी डोंगर, एकही झाड नाही. फोटो काढायला हातमोजे काढले ते चूक झाली.

उतार ग्राम्फूपर्यंत. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाल्यापासून लाहौलची बहुतेक वाहतूक डोंगराच्या पोटातून जाते. या बाजूला रस्ता आमचाच. सुटी खडी, आडवे वाहणारे ओहोळ, हेअरपिन वळणं एकाखाली एक. मी सॅडलच्या मागे सरकले, टाचा खाली, तर्जनी लिव्हरवर. दाब, सोड. वळण. सोड. सायकल खडीवरून तडतडत, पण सरळ जात होती. एका वळणानंतर माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी गुणगुणतेय.

ग्राम्फूला थांबले, मागे पाहिलं. भाचा नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घसा कोरडा पडला. सायकल वळवून वर ढकलायला लागले तर वरच्या वळणावर तो दिसला, चाक हातात, चालत. टोकदार दगडाने टायरची कड चिरली होती. त्याने हाका मारल्या होत्या.

"मागे बघायचं असतं, मावशी," तो धापा टाकत म्हणाला.

"मी कुठे वेगात होते," मी म्हटलं.

आतून नोटेची घडी लावून, ट्यूब टाकून टायर बसवला. कोकसरला पोचलो तेव्हा ऊन खोऱ्यातून निघून गेलं होतं आणि चंद्रेच्या काठावर बर्फाची झालर धरायला लागली होती. एका ढाब्यात चहा घेताना मनालीकडे रिकामा जाणारा पिकअप मिळाला. सायकली आडव्या टाकायच्या म्हणून चाकं काढली.

भाच्याने सवयीने कॅलिपरमध्ये टॉर्च मारला. मागचे पॅड, लुहरीला बसवलेले, जवळजवळ तसेच. मग पुढचे. खिळी काढून त्याने ते बाहेर घेतले आणि टेबलावर, चहाच्या ग्लासशेजारी ठेवले. मसाला इतका झिजला होता की मागची लोखंडी पट्टी दिसायला लागली होती.

"हे बदलावे लागतील," तो म्हणाला.

पिकअपवाल्याने हॉर्न दिला. मी पॅड उचलून जाकिटाच्या खिशात टाकले.